फळ्याला जे जमत नाही

शाळेतल्या मुलांसाठी टीव्हीवर काही करायचं ठरलं, की पहिली सूचना बहुतेक वेळा एकच येते. चांगले शिक्षक शोधा, त्यांच्यापुढे कॅमेरा लावा आणि त्यांचा तास सगळीकडे दाखवा. ऐकायला हे पटतं. हातखंडा असलेले शिक्षक मोजके आणि मुलं लाखो, मग त्या मोजक्यांना घरोघरी न्यायला काय हरकत आहे? हरकत अशी, की चांगला शिक्षक चांगला शिकवतो तो समोर बसलेल्या मुलांच्या जोरावर. मागच्या बाकावरची चुळबुळ त्याला ऐकू येते. कुणाची मान हलतेय पण डोळ्यांत काही उतरलेलं नाही, हे त्याला दिसतं. मग तो तिथल्या तिथे उदाहरण बदलतो, खडू ठेवून खिडकीबाहेरचं झाड दाखवतो, कुणाचं अर्धवट उत्तर हातात घेऊन पुढे नेतो. कॅमेऱ्यासमोर हे सगळं गळून पडतं. उरतो फळा आणि फळ्याशेजारी उभा राहून बोलणारा माणूस.

मी विज्ञान शिकवते. शाळेसाठीचे टीव्हीवरचे कार्यक्रम मी आधी सतरंजीवर बसून पाहिले आणि पुढे टीव्हीशेजारी उभं राहून. उभ्याने पाहिलं की पडदा नीट दिसत नाही, मुलांचे चेहरे मात्र दिसतात. त्या चेहऱ्यांवरून माझं एक मत पक्कं झालं आहे. जे फळ्यावर होऊ शकतं ते पडद्यावर आणण्यात वेळ घालवू नये. फळ्याला जमत नाही, मला जमत नाही, ते पडद्याने करावं. त्यासाठी मूल कळणारी आणि कॅमेरा कळणारी माणसं वर्षानुवर्षं एकत्र राबावी लागतात. आपल्याकडे उपग्रह आले, डिश आल्या, वाहिन्यांवर वाहिन्या आल्या. ही माणसं मात्र दर वेळी सगळ्यात शेवटी आठवली.

आपल्याकडचा शालेय टीव्ही किती जुना आहे, हे सांगितलं की अनेकांना खरं वाटत नाही. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं आणि दोनच वर्षांनी, १९६१ मध्ये, फोर्ड फाउंडेशन या अमेरिकी संस्थेच्या मदतीने तिथल्या शाळांसाठी कार्यक्रम सुरू झाले. टीव्हीचं रोजचं प्रक्षेपणही तेव्हा सुरू व्हायचं होतं. म्हणजे बातम्या आणि सिनेमे घराघरांत रोज दिसू लागले त्याच्या कितीतरी आधी टीव्ही वर्गात जाऊन बसला होता. कारण अगदी व्यवहारातलं होतं. बऱ्याच शाळांना प्रयोगशाळा नव्हत्या, विज्ञान शिकवणारे शिक्षक पुरेसे नव्हते. एक प्रयोग एके ठिकाणी नीट मांडायचा आणि तो सगळ्या शाळांना दाखवायचा, अशी ती कल्पना. आपली सुरुवातच फळ्याला न जमणाऱ्या गोष्टीपासून झाली होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मग १९७५ उजाडलं. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ हे एक वर्ष शिक्षणाच्या इतिहासात निराळ्या अक्षरांत लिहून ठेवण्यासारखं आहे. अमेरिकेच्या ‘नासा’ने आपला एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी आपल्याला वापरायला दिला, आणि आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा, राजस्थान या सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांमध्ये थेट अवकाशातून टीव्ही पोहोचला. ‘साइट’ या नावाने तो प्रयोग ओळखला जातो. स्वप्न विक्रम साराभाईंचं होतं, पण ते १९७१ मध्येच गेले. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राची धुरा तेव्हा प्रा. यशपाल यांच्याकडे होती. खेड्यांत जी डिश बसवली ती सुमारे तीन मीटर रुंदीची आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची होती. जिथे वीज नव्हती, तिथे बॅटरीवर चालणारे संच नेले. ज्या गावात पक्का रस्ता नाही, त्या गावात उपग्रहाचा कार्यक्रम! इंजिनिअरांचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं.

मला मात्र त्यातला सकाळचा दीड तास जास्त मोलाचा वाटतो. संध्याकाळचं प्रक्षेपण मोठ्यांसाठी, शेतीपासून आरोग्यापर्यंतच्या विषयांवर असायचं. सकाळचा वेळ प्राथमिक शाळेतल्या मुलांचा. हिंदी, कन्नड, उडिया आणि तेलुगू अशा चार भाषांत तो वाटलेला, म्हणजे एका भाषेच्या वाट्याला साडेबावीस मिनिटं. या साडेबावीस मिनिटांत काय दाखवायचं, हा प्रश्न उपग्रह फिरवण्याइतकाच अवघड आहे. पाच वर्षांचं मूल आणि बारा वर्षांचं मूल त्याच खोलीत, त्याच जमिनीवर बसलेलं. दोघांनाही टीव्ही नवा. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी सिनेमासुद्धा पाहिलेला नाही. पडद्यावर माणसाचं फक्त डोकं दिसलं तर बाकीचं अंग कुठे गेलं, असा प्रश्न पडू शकेल असा तो प्रेक्षक. विज्ञानाचे कार्यक्रम करायची जबाबदारी ‘इस्रो’ने स्वतःकडे घेतली आणि त्यासाठी मुंबईत स्टुडिओ उभारला. उपग्रहाची माणसं मुलांना बुडबुडे आणि सावल्या कशा दाखवायच्या यावर डोकं खाजवत बसली होती, ही गोष्ट मी माझ्या विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगते.

त्या वर्षाचं मूल्यमापनही झालं. मुलांच्या भाषेवर चांगला परिणाम दिसला. पटावरची संख्या किंवा गळती यांत मात्र विशेष फरक पडला नाही. काही जण हे अपयश म्हणून सांगतात, आणि मला त्याचा राग येतो. धाकट्या भावाला कडेवर घेऊन दिवसभर घर सांभाळणाऱ्या मुलीला टीव्ही शाळेत आणू शकत नाही. ते काम टीव्हीचं नव्हतंच. शाळेत आलेल्या मुलीला बोलावंसं वाटलं, सांगावंसं वाटलं, नवे शब्द तिच्या तोंडी आले, यापेक्षा साडेबावीस मिनिटांकडून आणखी काय मागायचं?

याच काळातलं एक नाव मराठी माणसांना माहीत असायला हवं, ते विजया मुळे यांचं. मुंबईत जन्मलेल्या विजयाताई १९७५ च्या सुमारास दिल्लीत शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्राच्या प्रमुख होत्या, आणि ‘साइट’साठीच्या मुलांच्या कार्यक्रमांत त्या केंद्राचा मोठा वाटा होता. त्यांचं दुसरं काम तर देशातल्या दोन पिढ्यांना पाठ आहे. ‘एक अनेक और एकता’ हा १९७४ चा चिमुकला ॲनिमेशनपट त्यांचा. चित्रं भीमसेन यांची, संगीत वसंत देसाईंचं. एक चिमणी, अनेक चिमण्या, जाळं आणि उंदीर. त्यात ‘एक’ आणि ‘अनेक’ यांची व्याख्या कुणीही उभं राहून सांगत नाही. धाकटा विचारतो, ताई सांगायचा प्रयत्न करते, आणि सांगता सांगता गोष्टच समोर उभी राहते. व्याकरणाच्या पुस्तकातलं एकवचन-अनेकवचन मी विसरले असेन, पण त्या चिमण्यांचं एकाच वेळी जाळं घेऊन उडणं विसरणं शक्य नाही.

ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेला आणि स्वतःच्या उपग्रहावरून शाळांचे कार्यक्रम द्यायची सोय झाली. त्यासाठी कार्यक्रम लागणार होते, म्हणून दिल्लीत एक केंद्रीय संस्था आणि सहा राज्यांत राज्य संस्था निघाल्या. महाराष्ट्राची ती पुण्यातली ‘बालचित्रवाणी’, स्थापना १९८४. पाच ते आठ आणि नऊ ते अकरा अशा दोन वयोगटांसाठी वेगळे कार्यक्रम असत आणि शनिवारी शिक्षकांसाठी. हे वयाचं विभाजन वरवर साधं वाटतं, पण सहा वर्षांच्या आणि दहा वर्षांच्या मुलाला एकच गोष्ट सांगता येत नाही, हे ओळखून काम करणारी संस्था आपल्या भाषेत होती, हे मी आजही अभिमानाने सांगते.

आमच्या शाळेतला टीव्ही लाकडी कपाटात असायचा. दोन दारं, त्यांना कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांकडे. दारं उघडली की आतून बंद लाकडाचा वास यायचा. असाच एकदा बी रुजण्यावरचा कार्यक्रम लागला. बी कसं रुजतं हे आम्हाला ठाऊक होतं. पेल्यात ओला कापूस ठेवून त्यावर वाल ठेवला होता, रोज सकाळी त्याच्याकडे बघितलं होतं, मुळं खाली आणि खोड वर असं चित्रही वहीत काढलं होतं. पण वालाला हलताना आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं. पडद्यावर माती फुगली, तिला बारीक तडा गेला आणि त्यातून एक वाकलेली मान वर आली. डोकं अजून मातीतच. ती मान जोर लावत होती. थोडी वर, जराशी थांबली, पुन्हा वर. मग एकदम डोकं सुटलं आणि दोन जाड दळं उघडली. आठवड्याभराचं काम अर्ध्या मिनिटात समोर झालं. माझ्या शेजारची मैत्रीण स्वतःची मान ताणून बसली होती, तिचं तिलाही कळलं नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर बाईंनी टीव्ही बंद केला आणि विचारलं, ‘‘बी उलटं ठेवलं असतं तर?’’ वर्गात दोन तट पडले. कुणी म्हणालं मूळ वर येईल, कुणी म्हणालं बी कुजेल. बाईंनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही घरून पेले आणि वाल आणले, काही सरळ ठेवले, काही उलटे, काही आडवे. उलट्या वालाचं मूळ बाहेर आलं, वळलं आणि खाली गेलं. वाकलेलं मूळ बोटाने दाखवत आम्ही वर्गभर फिरलो.

शालेय टीव्हीबद्दल मला जे म्हणायचं आहे ते या दोन दिवसांत जवळजवळ सगळं आलं. पडद्याने वेळ आवळून दाखवला, जो बाई कधीच दाखवू शकल्या नसत्या. बाईंनी प्रश्न विचारला, जो पडदा आम्हाला बघून कधीच विचारू शकला नसता. यातला एक भाग काढला तर दुसरा लंगडा होतो. मेक्सिकोमध्ये १९६८ पासून ‘टेलेसेकुंदारिया’ नावाने खेड्यापाड्यांत माध्यमिक शाळा टीव्हीच्या आधाराने चालत आल्या आहेत. तिथेही नुसता संच बसवून कुणी मोकळं झालं नाही. टीव्हीवरचा पाठ, हातातलं पुस्तक आणि वर्गातला एक शिक्षक असं तिहेरी काम पहिल्यापासून ठरलेलं होतं.

आमच्या कपाटाची दारं फार वेळा उघडली नाहीत, हेही खरं. प्रक्षेपणाची वेळ ठरलेली, आमची शाळा दुपारची. वीज गेली तर तो कार्यक्रम गेला, तो पुन्हा मागता येत नसे. कधी किल्ली मिळायची नाही. कधी गणिताचा पोर्शन राहिलेला असायचा. अशा शाळा पुष्कळ होत्या आणि त्यांत कुणाची दुष्ट बुद्धी नव्हती. कार्यक्रम बनवणारे एका इमारतीत, प्रक्षेपणाची वेळ ठरवणारे दुसऱ्या, वेळापत्रक करणारे तिसऱ्या, आणि या तिघांनी एकत्र बसावं अशी सोय कुणी केली नव्हती. त्यात नुकसान मुलांचं झालं.

कार्यक्रम चांगला आहे की नाही हे ठरवायचं कसं, याबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेत १० नोव्हेंबर १९६९ रोजी ‘सेसमी स्ट्रीट’ सुरू झाला, तो शाळेत जायच्या आधीच्या मुलांसाठी. त्याच्या तयारीत एडवर्ड पामर नावाचे संशोधक होते. त्यांनी एक साधी युक्ती काढली. मुलासमोर टीव्हीवर कार्यक्रम चालू ठेवायचा आणि बाजूला दुसऱ्या पडद्यावर दर साडेसात सेकंदांनी एक नवं रंगीत चित्र दाखवायचं. मग एका माणसाने फक्त मुलाच्या डोळ्यांकडे बघत बसायचं. डोळे टीव्हीवर आहेत की चित्राकडे वळले, एवढंच टिपायचं. जिथे मुलांचे डोळे वळले तो तुकडा पुन्हा करायचा किंवा काढून टाकायचा. तुकडा कितीही मोठ्या लेखकाने लिहिलेला असो. याच मंडळींनी पुढे शाळकरी मुलांसाठी वेगळे कार्यक्रम केले. १९७१ मध्ये सात ते दहा वर्षांच्या मुलांच्या वाचनासाठी ‘द इलेक्ट्रिक कंपनी’, १९८७ मध्ये आठ ते बारा वर्षांच्या मुलांच्या गणितासाठी ‘स्क्वेअर वन टीव्ही’. या दुसऱ्यात तर गणिताने गुन्ह्यांचा छडा लावणारे पोलीस होते.

तिथेच काम केलेल्या शालोम फिश यांनी नंतर एक गोष्ट मांडली, ती प्रत्येक पटकथाकाराने भिंतीवर लिहून ठेवावी. मुलाचं लक्ष एका वेळी मर्यादित असतं. ते गोष्ट समजून घेण्यात खर्च होतं आणि धडा समजून घेण्यातही. गोष्ट एकीकडे आणि धडा दुसरीकडे असेल, तर मूल गोष्टीच्या मागे जातं आणि धडा सुटतो. गोष्टीची गाठ धड्यानेच सुटत असेल, तर दोन्ही एकदम डोक्यात जातात. गुन्हेगार सापडायला तो अपूर्णांक सोडवणं भागच असलं पाहिजे. जोकर नाचून गेला आणि मग सरांनी अपूर्णांक सांगितला, तर मुलांना जोकर आठवतो.

मी टीव्हीशेजारी उभी राहून पामर यांच्यासारखंच मुलांचे डोळे टिपते, फक्त माझ्याकडे दुसरा पडदा नाही, वर्गाची खिडकी आहे. मुलांचे डोळे खिडकीकडे कधी जातात? मोठं माणूस सरळ उभं राहून व्याख्या सांगू लागलं की. पार्श्वसंगीत बोलण्यावर चढलं की. पडद्यावरचा मुलगा नाटकातल्यासारखं पाठ केलेलं बोलू लागला की तर हमखास. विशेषतः ज्या मुलाला सगळंच येतं, त्याला माझी मुलं पहिल्या मिनिटात नापास करतात. त्यांना अडणारं मूल हवं असतं. ज्याचा प्रयोग फसतो आणि जे पुन्हा करून बघतं, त्याच्याबरोबर ती शेवटपर्यंत राहतात. आणि त्यांना हात बघायला आवडतात. अरविंद गुप्ता यांनी दूरदर्शनवर विज्ञानातल्या कृतींचे १२५ लघुपट सादर केले. काड्यापेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, रिकामी बाटली, आणि ते जोडणारी बोटं. पन्नास मुलांच्या वर्गात माझ्या बोटांत काय चाललंय ते पहिल्या दोन रांगांनाच दिसतं. पडद्यावर ते शेवटच्या रांगेला दिसतं, आणि मुलांचे हात आपोआप दप्तरातल्या कागदाकडे जातात.

थोड्या मोठ्या मुलांसाठी दूरदर्शनने नव्वदच्या दशकात ‘टर्निंग पॉइंट’ ही विज्ञानाची मालिका दाखवली. गिरीश कार्नाड सादर करायचे, आणि प्रेक्षकांनी पाठवलेल्या प्रश्नांना प्रा. यशपाल उत्तरं द्यायचे. ‘साइट’मधले तेच यशपाल. एवढा मोठा शास्त्रज्ञ कुठल्यातरी गावातल्या मुलाचं नाव घेऊन त्याचा प्रश्न वाचतोय, आणि प्रश्न आवडल्याचं त्याच्या चेहऱ्यावर दिसतंय, हे बघून किती जणांनी पोस्टकार्ड लिहिलं असेल!

भाषेचं एक दुखणं मात्र अजूनही तसंच आहे. ‘साइट’मध्ये बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या तिन्ही राज्यांना मिळून एकच हिंदी होती. आपल्याकडे नंदुरबारच्या पाड्यावर भिली किंवा पावरी बोलणारं मूल आणि गडचिरोलीत माडिया किंवा गोंडी बोलणारं मूल पुस्तकी मराठीतला कार्यक्रम बघतं, तेव्हा त्याचं निम्मं बळ भाषा ओळखण्यातच जातं. त्यावर माझ्याकडे एकच उपाय आहे. कार्यक्रमात बोलणं कमी ठेवावं. बी रुजताना कुणी काही बोलत नव्हतं.

त्यानंतरची वर्षं वाहिन्यांची आहेत. २६ जानेवारी २००० ला ‘ज्ञानदर्शन’ आलं. २० सप्टेंबर २००४ ला खास शिक्षणासाठी एज्युसॅट हा उपग्रह गेला. मे २०२० मध्ये पहिली ते बारावीसाठी इयत्तेला एक अशा बारा वाहिन्यांची घोषणा झाली, आणि २०२२ च्या अर्थसंकल्पात त्या २०० करायचं ठरलं. दोनशे वाहिन्या म्हणजे दिवसाला किती तास होतात? त्या तासांत दाखवायला विचार करून, मुलांपुढे तपासून, पुन्हा करून घेतलेले कार्यक्रम कुठून आणायचे? मग कॅमेरा फळ्यासमोर लावण्यावाचून गत्यंतर उरत नाही. मी त्यातले बरेच तास पाहिले आहेत. शिकवणारी माणसं अभ्यासू आहेत, मनापासून बोलतात, आणि त्यांना कुणी चांगला दिग्दर्शक दिलेला नाही याचं मला वाईट वाटतं.

वेगळं करता येतं, हेही त्याच २०२० ने दाखवलं. शाळा बंद होत्या, माझ्या वर्गातल्या कित्येक घरांत स्मार्टफोन नव्हता, होता तो वडिलांबरोबर कामावर जायचा. जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली, पहिली ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांवर आधारलेली. तिच्यात वर्ग नव्हता. घरातली मुलं आणि मोठी माणसं घरातल्याच वस्तू घेऊन काहीतरी करत, बोलत, शोधत होती. एक आई मला फोनवर म्हणाली, ‘‘बाई, आज आम्ही दोघींनी मिळून ते करून बघितलं.’’ त्यातलं ‘आम्ही दोघींनी’ ऐकून मला फार बरं वाटलं.

आणि तरी, त्याच्या तीन वर्षं आधी, २०१७ मध्ये, बालचित्रवाणी बंद झाली होती. तेहतीस वर्षांत हजारोंच्या संख्येने कार्यक्रम केलेली संस्था. आता सगळं डिजिटल आहे, टीव्ही कोण बघतं, असं कारण लोक सहज देतात. मला ते पटत नाही. चुंबकीय टेप जाऊन फाईल आली म्हणून बी रुजताना कसं दाखवायचं हे कळणाऱ्या माणसाची गरज संपते का? इमारत पुन्हा बांधता येते, कॅमेरे विकत मिळतात. सात वर्षांच्या मुलाशी किती सेकंद गप्प राहायचं, हे ज्याला वीस वर्षांच्या कामातून उमगलं आहे, त्याच्याबरोबर ते ज्ञानही घरी जातं. २०२० मध्ये शाळांना कुलपं लागली, तेव्हा अशी एक जाणती, हात बसलेली संस्था आपल्याजवळ असती तर पहिल्या आठवड्यात कामाला लागली असती.

हे काम सार्वजनिक पैशातूनच का व्हायला हवं, असं मला विचारतात. मोबाईलवर हवं ते मिळतं, फुकट मिळतं. मिळतं खरं. पण नऊ वर्षांचं मराठी शाळेतलं मूल काही विकत घेत नाही, त्यामुळे ज्याला विकायचं आहे त्याच्या हिशेबात ते बसत नाही. त्याच्यासाठी जे बनतं, ते त्याने बघत राहावं म्हणून बनतं. मला असा कार्यक्रम हवा आहे जो संपल्यावर मूल उठून पेला शोधायला जाईल. बघणं थांबवायला लावणारा कार्यक्रम जाहिरातीवर जगू शकत नाही. त्याला समाजानेच पोसावं लागतं, आपण ग्रंथालय पोसतो तसं.

मला एक दहा मिनिटं दिली, एक कॅमेरामन आणि एक धीराचा दिग्दर्शक दिला, तर काय करायचं हे माझं केव्हाचं ठरलेलं आहे. ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर पालथा काचेचा पेला. मेणबत्ती विझते आणि पेल्यात पाणी चढतं. हा प्रयोग सगळ्या शाळांत होतो, आणि पेल्यातला ऑक्सिजन संपला म्हणून त्याच्या जागी पाणी आलं, असं सांगून संपतो. वर्गात मी तो कितीही वेळा केला तरी सगळं इतक्या झटकन होतं की मुलांना पाहायचं ते दिसत नाही. कॅमेऱ्याला दिसेल. मी तो क्षण संथ गतीने दाखवीन. पेला खाली टेकताना त्याच्या काठाखालून बुडबुडे बाहेर पडतात, कारण आतली हवा तापून फुगलेली असते. ज्योत जळत असते तोवर पाणी फारसं हलत नाही. ज्योत विझते, आणि मग पाणी झपाट्याने चढतं. ऑक्सिजन जळताना संपत असेल, तर पाणी जळतानाच हळूहळू चढायला हवं होतं ना?

पडद्यावरच्या दोन मुलींना मी यावर भांडू देईन, ठरवून लिहिलेले संवाद न देता. एक म्हणेल ऑक्सिजन, दुसरी म्हणेल बुडबुडे बघ. मग त्या तसाच पेला घेतील, तेवढंच पाणी घेतील आणि एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावतील. पेला तोच म्हणजे ऑक्सिजनही तेवढाच. पाणी मात्र पहिल्यापेक्षा बरंच वर चढेल, आणि दोघीही काचेला नाक लावून बघत राहतील. कार्यक्रम मी तिथेच थांबवीन. पुढचा तास वर्गातल्या बाईंचा आणि सरांचा. त्यांच्या हाताशी मेणबत्त्या आणि पेले आधीच पोहोचलेले असतील, ही जबाबदारी कार्यक्रम करणाऱ्यांनी घ्यावी, आणि प्रक्षेपणाची वेळ दुपारच्या शाळेलाही जमेल अशी ठेवावी.